चुन्याचा कण

ये, अशी जवळ ये बघू. लांब बसू नकोस, डाव्या कानानं मला हल्ली कमी ऐकू येतं आणि तुला पुटपुटायची खोड. तू तिकडं पुण्यात आहेस, ठाऊक आहे मला, आणि मी इकडं धुळ्याला देवपुरात ओट्यावर मांडीवर वही घेऊन बसलेय. पण लिहिताना मला समोर माणूस लागतं, नाहीतर हात चालत नाही. म्हणून तुला बसवून घेतलंय, आणि बसवून घेतलंयच तर आधी रागावून घेते. दिवाळीला आलीस ती पाहुणीसारखी. पिशवी उघडली नाही तोच परतीच्या गाडीचं बोलायला लागलीस. जेवायला बसलीस तर ताटाशेजारची तुपाची वाटी एका बोटानं हळूच पलीकडं सारलीस. मी बघत होते. मला सगळं दिसतं, कान गेलाय, डोळे नाही गेले.

वाटी सारताना तुझं बोट अगदी तुझ्या आईसारखं वळलं. आणि मग, जसं काही चटणी मागावी तसं विचारलंस, "आजी, आई या घरात कधी जेवायला का बसत नाही गं?"

माझ्या हातात भाकरी होती. मी म्हटलं, "खा आधी." तू खाल्लंस आणि गेलीस. उत्तर द्यायचं राहिलं. आज देते ते.

आपल्या घरात तूप वाढत नाहीत, वाटीत ठेवतात, हे तू लहानपणापासून बघत आलीस. तुला वाटत असेल, आजीची शिस्त. शिस्त कसली गं! या खानदेशात तूप वाटीत ठेवणारं घर दाखव मला. इथं तूप झारीनं वाढतात, पंगतीत, वरून धार धरून, समोरचा ताटावर हात आडवा धरीपर्यंत. आणि हात आडवा धरला की आणखी वाढतात. त्यालाच आग्रह म्हणतात. आपलंही घर तसंच होतं.

तुझे वडील भडगावला शाळेत गणित शिकवायचे. सडसडीत, उंच, बोलणं कमी. बोलले तर मोजकं, पण हसू मात्र मोकळं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण वाचायचा नाद. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचते. ते आले की माझ्यासाठी एखादं जुनं विज्ञानाचं पाठ्यपुस्तक आणायचे. "आई, हे वाचा, यात कादंबरीपेक्षा मजा आहे," म्हणायचे. असा जावई. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आपल्याकडं तेव्हा टीव्ही आला नव्हता, आणि पांझरेला उन्हाळ्यात पाणी नसायचं ते अजूनही नसतं.

त्या हिवाळ्यात त्यांना शाळेतच एकदा पोटात कळ आली होती. टेबलावर ओणवे पडून राहिले म्हणे तासभर. तिथल्या डॉक्टरांनी पांढरं पातळ औषध दिलं, तेल-तूप-तिखट कमी करा म्हणून सांगितलं. त्यांनी ते फक्त तुझ्या आईला सांगितलं होतं. घरात कळलं तर त्यांची आई लिंबू उतरवत बसेल, म्हणून. आम्हाला धुळ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

आखाजीला, तुमच्या पुण्याच्या अक्षय्य तृतीयेला, तुझी आई माहेरी आली. तिला पाचवा महिना होता, म्हणजे तू पोटात होतीस. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, चेहऱ्यावर तेज, आणि कैऱ्या खाऊन खाऊन दात आंबलेले. आखाजी झाली, झोके उतरले, आणि तुझे वडील तिला न्यायला आले. लेकीला न्यायला आलेल्या जावयाला साधं जेवण कोण घालतं? मी वरण-बट्टी केली. जाड्या पिठाची, ओवा घालून, आधी उकडलेली, मग काप करून तळलेली. वांग्यांची भाजी, वरून कोथिंबीर. लोणकढं तूप तर घरचंच होतं, तेव्हा आपल्याकडं म्हैस होती.

बट्टी कशी खातात ते तुला नीटसं माहीत नसेल. ती ताटात कुस्करायची, मध्ये आळं करायचं, आळ्यात वरण, आणि त्यावर तूप. आळं भरून वाहायला लागलं की वाढणाऱ्याचं समाधान. एरंडोलची माझी नणंद आली होती, शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. जावयाला बायकांनी घेरायचं आणि वाढणारी त्याची बायकोच असायची, हा आमच्याकडचा खेळ. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षं चालतो. बायको वाढते, तिला लाजवायचं, त्याला चिडवायचं.

तुझी आई झारी घेऊन उभी राहिली. तुझ्या वडलांनी ताटावर हात आडवा धरला. नुसता धरला नाही, तिच्याकडं वर बघितलं. मला ते बघणं तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, नवराबायकोची थट्टा.

नणंद ओरडली, "अवं जवाईबापू, ताटवर हात का बरं ठी राहिनात? तूप शे, इख नही!"

तूप आहे, विष नाही म्हटल्यावर सगळ्या हसल्या. शेजारीण तुझ्या आईला म्हणाली, "वाढ गं, वाढ. हाताला कसली घाबरतेस? आत्तापासून नवऱ्याचं ऐकलंस तर जन्मभर ऐकावं लागेल."

तुझी आई लाजली, हसली, आणि तिनं धार धरली. हात आडवाच होता. तूप त्यांच्या बोटांवर पडलं, बोटांच्या फटींतून ताटात उतरलं. आणखी हशा. मग त्यांनी हात काढला, बोटं चाटली आणि म्हणाले, "आता काय, हरलो." जेवले. पुन्हा वाढलं, पुन्हा जेवले. चांगले जेवले. माझ्या डोळ्यांपुढून ते ताट हलत नाही, चाटूनपुसून लख्ख केलेलं.

ऊन उतरायच्या आत त्यांना कळ आली.

कसली कळ म्हणून सांगू! पाठीपर्यंत गेलेली. आडवं होता येईना. गादीवर बसून उशी पोटाशी धरून पुढं वाकलेले, कपाळ गुडघ्याला टेकलेलं, आणि ओकारी थांबेना. आमचे हे, तुझे आबा, रिक्षा घेऊन आले. पांझरेच्या पुलावरून जाताना खड्डा आला की ते दात आवळायचे आणि तुझी आई रिक्षावाल्यावर ओरडायची, "हळू चालवा ना हो, हळू!" तो बिचारा आधीच हळू चालवत होता.

दवाखान्यात आधी वाटलं, अल्सर फुटला. तसंच दिसत होतं सगळं, पोट फळकुटासारखं ताठ. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं. सर्जन बाहेर आले, वयानं पोक्त, तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं. व्हरांड्यात तुझे आबा आणि तुझे भडगावचे आजोबा उभे होते. मी डबा घेऊन खांबाशी. बायकांना कोणी सांगत नसे तेव्हा. पण माझे तेव्हा दोन्ही कान शाबूत होते.

सर्जन म्हणाले, अल्सर नाही. स्वादुपिंड सुजून काळंनिळं झालंय. अन्नातली चरबी पचवायला जो रस ते आतड्यात सोडतं, तो आतड्यात न जाता पोटातच पसरलाय आणि त्यांची स्वतःचीच चरबी पचवायला लागलाय. आतड्यावरच्या चरबीच्या पदरावर ठिकठिकाणी पांढरे ठिपके आहेत, मेणबत्तीचे थेंब सांडावेत तसे. "साबण आहे तो," म्हणाले. "चरबी फुटली की तिच्याशी रक्तातलं कॅल्शियम जाऊन बसतं. साबण होतो. पित्ताच्या पिशवीत खडे लागले हाताला. एखादा नळीत अडकला असणार. आज नाही तर उद्या हे होणारच होतं."

साबण म्हटल्यावर मी चरकले. बाकीच्यांना तो शब्द नुसता कानावरून गेला असेल. पण मी महिला मंडळात साबण करायला शिकले होते, मोहाच्या तेलाचा. तेलात खार पडला की कसं ते दाट होतं, पांढुरकं होतं, ढवळणं जड होत जातं, ते मला हातानं ठाऊक होतं. एकदा झालेल्या साबणाचं पुन्हा तेल होत नाही.

पुढचं सांगणं मला जड आहे, पण तेच सांगायचंय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नर्स रक्तदाब बघायला आली. दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि तुझ्या वडलांचा हात आपोआप वळला. बांगड्या भरताना कासारीण आपला पंजा कसा दाबून धरते, अंगठा आत, बोटं ताठ जवळजवळ, तस्सा. पट्टा काढला तरी सुटेना. मग दुसराही हात तसाच. तोंडाभोवती मुंग्या येतात म्हणाले. विहीणबाई कॉटच्या पायथ्याशी होत्या, त्यांनी किंकाळी फोडली, "बाहेरनं शे हाई! मना पोऱ्याले कोन्ही तरी धरेल शे!" आणि बाहेरची बाधा उतरवायला कनवटीचा अंगारा काढून त्यांच्या कपाळाला लावला.

तरुण डॉक्टर धावत आला. तो मात्र घाबरला नाही. "कॅल्शियम संपतंय रक्तातलं," म्हणाला. "सगळं साबणात चाललंय." आणि शिरेतून इंजेक्शन दिलं, अगदी सावकाश, हाताशी बोटं ठेवून नाडी बघत. तुझे वडील म्हणाले, "अंगात ऊन शिरल्यासारखं वाटतंय." आणि बघता बघता त्यांची बोटं उमलली. माझ्या लेकीनं त्या उघडलेल्या पंजात आपला हात घातला. बांगड्या वाजल्या. तेवढाच काय तो सुखाचा क्षण त्या खोलीतला.

काही वेळानं हात पुन्हा वळला. पुन्हा इंजेक्शन. मग पुन्हा वळला. तुझी आई त्या पोरसवद्या डॉक्टरच्या पाया पडायला निघाली, "आणखी द्या ना, त्यांची बोटं सुटतात हो, आणखी द्या." त्यानं दिलं. हात सुटला. पण लघवी थांबली होती, श्वास वरवर व्हायला लागला होता. सकाळी सूर्य वर आला आणि ते गेले. जाताना बोटं मोकळी होती, एवढं खरं.

हिरव्या बांगड्यांचं काय झालं ते मी लिहिणार नाही. तू समज.

तेराव्याला भडगावला गेलो. गिरणेच्या काठावरून सगळे परत आले होते, दारात बायका बसल्या होत्या. विहीणबाई तुझ्या आईकडं न बघता मोठ्यानं बोलल्या, "तुम्हना घरना तूपनी मना पोऱ्याले खाई टाकं."

मी तोंड उघडलं, खड्याचं सांगायला. पण मुलगा गेलेल्या आईशी तेराव्याला काय वाद घालायचा? तुझी आई मान खाली घालून बसली होती. तिनं मान हलवली. म्हणजे हो म्हणाली ती. मी बघितलं. त्या दिवसापासून तिनं तुपाच्या भांड्याला हात लावला नाही.

नंतर मी तिला किती वेळा सांगितलं असेल. "अगं, खडा होता. सर्जन स्वतः म्हणाले. या कानांनी ऐकलं मी." ती म्हणायची, "हो आई." त्या 'हो'चा अर्थ मला कळायचा. आई समजूत घालतेय, घालू दे, असा तो 'हो' होता. आणि एकदा म्हणाली, "त्यांनी हात आडवा धरला होता ना? ते थट्टेत नव्हते. मला माहीत होतं, आई. डॉक्टरांनी सांगितलेलं फक्त मला माहीत होतं. सगळ्या हसल्या, आणि मी विसरले." विसरले असं म्हणाली, पण तिचा आवाज 'विसरले' म्हणत नव्हता.

तू गौरींच्या दिवसांत झालीस. तुझ्या बारशाला पेढे झाले, पण पंगत झाली नाही.

तुझी आई लग्नाआधी बी.एस्सी. झालेली होती. तू रांगायला लागलीस तशी ती पुन्हा कॉलेजात जायला लागली, रसायनशास्त्रात. मी तुला सांभाळलं, ते दिवस तुला आठवत नसतील. म्हशीच्या दावणीत बसून चारा खायचीस. लोक बोलले. आबांनी कुणाचं ऐकलं नाही. पुढं तिला पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली. विषय काय घेतलास म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "एक एन्झाइम आहे. स्वादुपिंडात असतं, चरबी तोडतं." ती भाताचे घास करत राहिली, कोरड्या भाताचे, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून. पंगतीला बसायचं तिनं सोडलंच होतं. आणि तुला शाळेत घालायला पुण्याला घेऊन गेली, तेव्हापासून येणंही सुटलं. सुटीत तुला आबा आणायचे, सणाला मनिऑर्डर यायची, ती नाही यायची.

मग मीच गेले. नव्वद साल उलटून गेलं होतं. एस.टी.नं गेले, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. तू शाळेत होतीस, म्हणून ती मला बरोबर प्रयोगशाळेत घेऊन गेली. आत मार्गशीर्षासारखी थंडी केलेली आणि सगळीकडं काचेची भांडी. टेबलाखाली एक जाड झाकणाची बर्फाची पेटी.

"यात काय आहे गं?"

"म्हशीची स्वादुपिंडं. सकाळी कत्तलखान्यातून आणली."

मी पदर नाकाला लावला. "अगं, आपल्या घरात अंडं शिजत नाही आणि तू..."

"आई, हे खायला नाही आणत. विचारायला आणते."

तिचे सर आले, टक्कल पडलेले, मिश्कील. "मावशी, तुमच्या लेकीला जरा रविवारी घरी बसायला सांगा," म्हणाले. "मी सांगितलं तर मलाच बाहेर काढते, म्हणते दार उघडलं की वारा लागतो स्फटिकांना."

ते स्फटिक तिनं मला दाखवले. किलो-किलोनं स्वादुपिंडं वाटून, गाळून, धुऊन हातात काय येतं, तर नखावर मावेल इतकी पांढरी भुकटी. तीच ती वस्तू, चरबी तोडणारी. ती पाण्यात विरघळवून त्याचा थेंब काचेवर उलटा टांगून ठेवायचा, खाली खारट पाणी, आणि वाट बघायची. हलवायचं नाही. थेंब हळूहळू आटतो आणि नशीब असेल तर त्यात खडा धरतो. मी भिंगातून पाहिलं. खडीसाखरेचा खडा असतो ना, दोऱ्यावर धरलेला, तसा, कडा तासलेल्या, आतून स्वच्छ. मी म्हटलं, "इतकं देखणं?" मला वाटलं होतं काहीतरी काळं, दातांचं असेल. जावयाला ज्यानं खाल्लं ते इतकं देखणं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आई, हे एन्झाइम एकटंच नव्हतं. अशी पुष्कळ असतात त्या रसात," ती म्हणाली. "हे त्यातलं एक." आणि म्हणाली की हा स्फटिक दिसतो खड्यासारखा पण दाबला तर लोण्यासारखा, आत निम्मं पाणीच.

त्या खड्यावर एक्स-रे सोडायचे. फिल्मवर चित्र येत नाही, नुसते ठिपके येतात, काळे, रांगेत. मला फिल्म दाखवली. मी म्हटलं, "ही तर रांगोळी. ठिपके काढलेत, रेघा कुठायत?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "रेघाच तर शोधायच्या असतात," म्हणाली. "ठिपक्यांवरून रेघा ओळखायला मला वर्षं गेली."

मग कॉम्प्युटरवर तिनं रेघा दाखवल्या. हिरव्या रेघांचं जाळं, गुंतलेल्या सुतासारखं, आणि ते ती बटणानं गोल फिरवत होती. मधोमध एका खोबणीत एक गोळा.

"हा काय?"

"कॅल्शियम. चुन्याचा एक कण." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "बघ, हे पाच हात त्या एन्झाइमचे, त्याला धरून आहेत. आणि हे दोन हात पाण्याचे. हा कण बसला की मग ते चरबी धरतं आणि तोडतं. हा कण काढून घेतला की मुकं. समोर चरबी ठेव, काही करत नाही. मी काढून बघितलाय. त्याच्या जागी दुसरे धातू घालून बघितलेत. बसतात, पण काम होत नाही."

मी त्या गोळ्याकडं बघत राहिले. आणि पोरी, माझ्या तोंडून निघून गेलं. मनात आलं ते गिळायची मला सवय नाही. मी म्हटलं, "मग त्या डॉक्टरनं शिरेतून चुना दिला, तो...?"

ती बटण दाबायची थांबली. जाळं फिरायचं थांबलं.

"तेच शोधायला आले होते मी इथं," ती म्हणाली.

मला तेव्हा लख्ख कळलं की माझी लेक इतकी वर्षं काय करत होती. तुपाची धार तिच्या हातून पडली होती, आणि आणखी द्या, आणखी द्या म्हणून इंजेक्शनही तिनंच मागितलं होतं. एका हातानं आग लावली आणि दुसऱ्यानं तिला वारा घातला, असं ती धरून चालली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. विहीणबाईंना तर ही दुसरी गोष्ट सुचलीही नसती.

"मग?" मी विचारलं.

"नाही, आई. तसं नाही. याला लागतो तेवढा चुना आधीच अंगात असतो, कितीही कमी झाला तरी. इंजेक्शननं याचं बळ वाढलं नाही. त्यांची फक्त बोटं सुटली. मी मोजून बघितलंय, पुन्हा पुन्हा."

मी सुस्कारा सोडला. मला वाटलं, सुटली पोर. म्हटलं, "मग झालं तर! आणि तूप नव्हेच, खडा होता. आता तरी पटलं ना?"

तिनं पडदा बंद केला. हिरवं जाळं गेलं, काळी काच राहिली, त्यात आम्हा दोघींचे चेहरे.

"खडा होता हे मला केव्हाच पटलंय. पण तूप पोटात गेलं की पित्ताची पिशवी आवळते, आई. पिशवी आवळली की खडा सरकतो. हे पुस्तकात आहे. कुठल्याही पुस्तकात. सासूबाई चुकीचं बोलल्या नव्हत्या."

मी तिच्या बाजूनं भांडायला उठले, तिच्याशीच. "मग तुझ्या सासूबाईंनी भडगावला तूप वाढलं नव्हतं का त्यांना? ते काय कोरडं खात होते तिथं? आदल्या आठवड्यातसुद्धा खाल्लं असेल!"

"वाढलं असेल," ती म्हणाली. "पण तिथं हात माझा नव्हता."

यावर आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही. सातवी शिकलेल्या बाईला नाही सापडलं, ते सोड. तिच्या त्या यंत्रांनाही नाही सापडलं. चुन्याचा एक कण कुठं बसतो, कुणाच्या हातात बसतो, ते त्यांनी दाखवलं. एक इंजेक्शन तिच्या अंगावरून उतरलं. तूप नाही उतरलं. खडा त्या दुपारी न सरकता पुढच्या आठवड्यात, कुणा दुसऱ्याच्या पंगतीत सरकला असता, की सरकलाच नसता, हे कुठल्या ठिपक्यांवरून काढायचं?

त्या संध्याकाळी तुमच्या खोलीवर तिनं मला पिठलं-भात वाढला. मी ठेचा काढला. तू बडबडत होतीस, शाळेतलं काहीबाही. भातावर तेलाचा थेंब नव्हता. मी बघितलं, तू तो कोरडा भात किती सवयीनं खात होतीस. तिनं तुला काही शिकवलं नव्हतं, नुसतं दाखवलं होतं रोज.

परत आल्यावर मी झारी माळ्यावर टाकली. आबांना म्हटलं, यापुढं या घरात तूप वाढायचं नाही, वाटीत ठेवायचं. ज्याला हवं त्यानं घ्यावं आपल्या हातानं. मला वाटलं, हे कळलं की ती येईल. मी कळवलं. ती म्हणाली, "बरं केलंस." पण आली नाही. आबा गेले तेव्हा आली, तीही उंबऱ्यातूनच पाणी पिऊन गेली. तू तेव्हा तिच्या मागं उभी होतीस, आठवतं का?

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. या घरात जेवायला बसलं की तिला ती बोटं दिसतात, तूप ओघळणारी. दुसरं काही नाही. माझ्यावर तिचा राग नाही, तुझ्यावर नाही, भडगावच्या म्हातारीवरही नाही, ती तर आता मातीत गेली. राग नसला की माणूस सुटतं असं आपल्याला वाटतं. तसं नाही.

आता माझं ऐक. आखाजी जवळ आलीय. म्हैस कधीच गेली, पण पलीकडच्या गल्लीतून मी लोणी आणवलंय, स्वतः कढवणार आहे. गुडघे बोंबलतात, तरी काल शेजारच्या सूनबाईला शिडीवर चढवून माळ्यावरची झारी काढून घेतली. हिरवी पडली होती. चिंच लावून घासलीय, आता तोंड दिसतं तीत.

तिला सांग, माझं तपासून झालंय, पोटात खडा नाही की काही नाही, डॉक्टरांनी कसलंच पथ्य सांगितलं नाही. कागद दाखवते म्हणावं, तिला कागदाशिवाय पटायचं नाही. मी बट्टी करीन, कुस्करीन, आळं करीन. झारी तिनं धरायची. माझ्या ताटावर. मी हात आडवा धरणार नाही.

मला वाढून झालं की उठून जाऊ दे तिला, ओट्याशी उभी राहून कोरडा भात खाऊ दे. माझी हरकत नाही. पण एकदा धार तिच्या हातून पडू दे आणि समोरचं माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा करताना तिला दिसू दे. पुस्तकातलं मला कळत नाही. माझ्याजवळ एवढंच आहे दाखवायला.

तिला एकटीला बोलावलं तर यायची नाही. तू घेऊन ये. परतीच्या गाडीचं आधी बोलायचं नाही, सकाळचा चहा घेतल्याशिवाय मी सोडणार नाही. आणि फार लांबवू नकोस गं, माझाही काही भरवसा नाही. लवकर ये.